सतरा नंबरचा टॉर्च

विमान उभं करून ठेवलं की त्याची निगा जास्त राखावी लागते, हे बाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही. रोज उडणारं विमान रोज कुणी ना कुणी तपासतं. उभ्या विमानात मात्र दमट हवा साठते, टायरवर एकाच जागी वजन पडून ते बसायला लागतात, पक्षी इंजिनात काड्या आणून ठेवतात. २५ मार्च २०२०ला करोनामुळे देशातली प्रवासी विमानं थांबली आणि मुंबई विमानतळावर आमच्या हातात एकदम उभ्या विमानांची रांग आली. मी टेक्निशियन. सतरा वर्षं याच धावपट्ट्यांच्या कडेला काढलेली. २०१८च्या डिसेंबरात याच विमानतळावर चोवीस तासांत हजारावर विमानं चढली-उतरली होती. त्या रात्री डबा उघडायलासुद्धा उसंत मिळाली नव्हती. आणि आता दुपारी दोन वाजता टिटवीचा आवाज कानावर येत होता.

लोकल बंद होत्या. कंपनीची बस पहाटे डोंबिवलीला यायची, एका बाकावर एक माणूस बसवायची. ड्युटीवर निम्मी माणसं आणि काम दुप्पट. इंजिनाच्या तोंडावर लाल झाकणं लावायची, चाकं ठरावीक दिवसांनी फिरवायची, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या, वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांवर टोप्या घालायच्या. या टोप्यांच्या बाबतीत मी फार कडक आहे. नव्या पोरांना मी नेहमी पुएर्तो प्लाटाचं सांगतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातून १९९६च्या फेब्रुवारीत एक बोइंग ७५७ उडालं आणि काही मिनिटांत समुद्रात पडलं. १८९ माणसं गेली. ते विमान त्याआधी बरेच दिवस उभं होतं आणि पिटो नळ्या झाकलेल्या नव्हत्या. नळी तुंबली, वैमानिकाला वेग चुकीचा दिसला. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं असावं, असा तपास करणाऱ्यांचा अंदाज होता. करंगळी जाणार नाही एवढं भोक आणि १८९ माणसं.

म्हणून आमच्या धंद्यात हत्याराची मोजणी ही देवपूजेसारखी असते. स्टोअरमध्ये भिंतीवर फळा आहे. त्यावर प्रत्येक पान्ह्याची, पक्कडीची, टॉर्चची आकृती रंगवलेली. हत्यार काढलं की त्या जागी आपला पितळी बिल्ला टांगायचा. परत ठेवलं की बिल्ला काढून घ्यायचा. ड्युटी संपताना फळ्यावर एक जरी बिल्ला लटकत असेल, तर ते हत्यार कुठल्या विमानावर गेलं होतं ते शोधायचं, आणि ते सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही. इंजिनात राहिलेला एक स्क्रूड्रायव्हर काय करू शकतो हे आम्हाला माहीत असतं. आमच्या स्टोअरला जे गृहस्थ होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं. फळा पुरा झाल्याशिवाय ते रजिस्टरवर सही करायचे नाहीत, मग समोर इंजिनिअर असो की मॅनेजर.

त्या दिवशी सकाळी मी मामांकडून सतरा नंबरचा टॉर्च घेतला आणि माझा बिल्ला टांगला.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. परदेशात अडकलेल्यांना आणणारी विमानं नुकतीच सुरू झाली होती, तेवढीच काय ती हालचाल. आम्ही सातजण होतो, गाड्या दोन. एरवी सातजण एका गाडीत मावतात, पण अंतर ठेवायचं म्हणून चार एकीत, तीन दुसरीत. विमान एअरबसचं ए३२०, अगदी कडेच्या बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, ठेवलेलं. तिथून जुने हँगर दिसायचे, माणूस दिसायचा नाही. सकाळी मीच त्याची पाण्याची टाकी रिकामी केली. दोनशे लिटर पाणी, शेवटचा थेंब जाईपर्यंत उभा राहिलो. दुपारी शेवटचं काम राहिलं होतं: मागच्या टॉयलेटमध्ये बेसिनच्या खाली कुठं ओल राहिली का ते बघायचं. ओल राहिली की बुरशी धरते आणि पत्रा खाते.

विमानाचं टॉयलेट केवढं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. बेसिनखालच्या कपाटात डोकं घालायचं तर खाली बसून पाय दुमडावे लागतात आणि दार लावूनच घ्यावं लागतं. बाहेर जमिनीवरचा जनरेटर चालू होता, त्याच्या आवाजासाठी कानात बोळे. तोंडावर दोन मास्क. फोन माझ्या बॅगेत, बॅग गाडीत. काम करताना खिशात काही ठेवायचं नाही हा नियमच आहे. कामाच्या मध्येच दिवे गेले. मला वाटलं, ठरल्याप्रमाणे वीज काढली. टॉर्च होताच. मी शेवटचा जोड हातानं चाचपला, कोरडा लागला, कपाट बंद केलं. यात दहा-बारा मिनिटं गेली असतील.

बाहेर आलो तर केबिनमध्ये काळोख. एकशे ऐंशी सीट आणि सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली ओढलेले. ऊन आत येऊन गाद्यांचा रंग जाऊ नये म्हणून ते आम्हीच ओढलेले होते. मी बोळे काढले. तरी काही ऐकू आलं नाही. तेव्हा लक्षात आलं की जनरेटर बंद आहे. पुढच्या दाराकडे टॉर्च मारला. दार लागलेलं होतं.

पळत गेलो आणि दाराच्या छोट्या खिडकीतून बघितलं. लॅडर ओढून बाजूला नेऊन ठेवलेला. गाड्या नाहीत. सिमेंटवर ऊन थरथरत होतं.

नंतर कळलं ते आताच सांगतो. इंजिनिअर साहेबांनी दारातून दोनदा हाक मारली होती. उत्तर आलं नाही, तेव्हा सगळे उतरले असं त्यांनी धरलं. पहिल्या गाडीतल्यांना वाटलं मी दुसरीत आहे, दुसरीतल्यांना वाटलं पहिलीत. एकच गाडी असती तर माझी रिकामी जागा दिसली असती. त्या दिवसांत मात्र प्रत्येकाच्या शेजारची जागा रिकामीच असायची.

पहिली पंधरा मिनिटं मी नुसता उभा होतो. येतील, आत्ता येतील. दारावर बाहेरून सिक्युरिटीचं सील चिकटवलेलं असतं. आतून दार उघडलं की ते फाटतं आणि त्याची चौकशी होते, म्हणून हात दाराकडे जात नव्हता. वीज कुठूनच मिळण्यासारखी नव्हती. बॅटऱ्यांच्या जोडण्या खालून विमानाच्या पोटातून सोडवलेल्या. कॉकपिटमधला रेडिओ म्हणजे नुसता डबा. घड्याळात दोन पन्नास.

मग उकाडा चढायला लागला. मुंबईचा मे, त्यात उन्हात सकाळपासून तापलेलं ॲल्युमिनियम, आणि हवा कुठूनच हलत नाही. सीटच्या कापडाचा आणि जंतुनाशकाचा वास एकत्र होऊन घशात बसत होता. मास्क काढला तर तो पिळता येईल इतका भिजलेला. नियम असला तरी खिशात श्रीखंडाच्या दोन गोळ्या होत्या, मुलीनं सकाळी दिलेल्या. एक तोंडात टाकली, पण लाळच सुटेना. गॅलीतला, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातला, नळ मी दाबून बघितला. टाकी माझ्याच हातानं रिकामी झाली आहे हे माहीत असूनही दाबला. सव्वातीनच्या सुमारास उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मी ठरवलं की सील गेलं तर गेलं, दार उघडायचं.

ए३२०चं दार आतून उघडायला वीज लागत नाही. पण त्या दाराच्या पोटात घसरगुंडी घडी घालून ठेवलेली असते. ती सज्ज स्थितीत असताना आतून दार उघडलं, की ती काही सेकंदांत फुगून बाहेर पडते. समोर कुणी असेल तर त्याला उडवते, आणि मग ती पुन्हा वर्कशॉपमध्ये नेऊन घडी करून घ्यावी लागते. ती सज्ज आहे का हे सांगणारा पांढरा दिवा दारात असतो, पण वीज नसताना दिव्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून टॉर्च लिव्हरवर धरला. लिव्हर वर, पिन आत, पिनेची लाल पट्टी लोंबतेय. हातानं पिन ओढून बघितली, घट्ट बसलेली. खिडकीतून खाली कुणी नाही ना ते पाहिलं. एरवी हे सगळं मी अर्ध्या मिनिटात करतो. त्या दिवशी एकेक गोष्ट तोंडानं मोठ्यानं म्हणत केली, कारण डोकं नीट चालत नाहीये हे मला कळत होतं आणि विमानात चूक अशाच वेळी होते. मग दांडा वर उचलला, दार बाहेर ढकललं, पुढे सरकवलं, खटका बसल्याचा आवाज ऐकला. दाराच्या चौकटीतला पट्टा ओढून आडवा लावला.

वारा आला. गरमच होता, पण वारा होता. मी गॅलीच्या कडेला टेकून कितीतरी वेळ नुसता श्वास घेत बसलो. नंतर मागचं उजवं दारही तसंच तपासून उघडलं, तेव्हा आरपार झुळूक खेळू लागली.

दाराच्या उंबऱ्यापासून जमीन साधारण अकरा फूट. अकरा फूट म्हणजे फार नाही, असं घरी बसून वाटतं. वरून बघा. खाली सिमेंट, आणि माझा डावा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळलेला. उडी मारून पाय मोडला तर मी त्या तापलेल्या सिमेंटवर पडून राहणार, आणि विमानातली सावलीही हातची जाणार.

विमानात दोन मेगाफोन असतात, त्यांचे सेल त्यांच्यातच असतात. एक काढला आणि दारात उभा राहून ओरडलो, "विमानात माणूस आहे! कडेच्या बेवर विमानात माणूस आहे!" दुपारनंतर मुंबईत वारा समुद्राकडून येतो. माझा आवाज कुर्ल्याच्या दिशेनं जात होता आणि माणसं असलीच तर सांताक्रूझच्या बाजूला होती. दर दहा मिनिटांनी ओरडायचं ठरवलं आणि तसं केलं. साडेचारच्या आसपास एक मालवाहू विमान उतरलं. दोन तासांतला तो पहिला मोठा आवाज. मी दोन्ही हात हलवले, टॉर्च लावला-विझवला. ते लांबून निघून गेलं आणि परत टिटवी सुरू झाली.

ईएलटीचाही विचार आला. अपघातात विमान शोधता यावं म्हणून असलेलं ते यंत्र. आमच्या या विमानात एक हातात धरायचं होतं. चालू केलं की ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश उपग्रहाकडे जातो, आणि आपल्याकडे तो बंगळूरच्या इस्रोच्या केंद्रात पोहोचतो. तिथून शोध आणि सुटकेची सगळी यंत्रणा हलते. मी ते हातात घेतलं आणि परत जागेवर ठेवलं. कुठंतरी खरंच कुणी बुडत असेल आणि यंत्रणा माझ्यामागे लागेल, हे मला मान्य नव्हतं. मी संकटात होतो, पण अजून उभा होतो.

शेवटचा मार्ग म्हणजे कॉकपिटचा दोर. ए३२०च्या कॉकपिटच्या बाजूच्या काचा सरकवून उघडता येतात, आणि त्यांच्या वर वैमानिकांच्या सुटकेसाठी दोर ठेवलेला असतो. मी तो काढून पाहिला, त्याचा विमानाला बांधलेला टोकाचा भाग जोर लावून ओढून पाहिला. एका खांद्यावर तिथून उतरणं सोपं नव्हतं. ठरवलं: साडेसहापर्यंत वाट बघायची. ऊन उतरलेलं असेल आणि थोडा उजेडही असेल. मग दोर.

वेळ ठरवल्यावर मन थोडं शांत झालं. पण बसल्या बसल्या घर आठवायला लागलं. बायको चार वाजता फोन करते, बसमध्ये बसलो का ते विचारायला. आज उचलला नाही म्हणजे तिच्या मनात एकच विचार येणार. त्या महिन्यात माणूस फोन उचलत नाही याचा एकच अर्थ होता. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना गाडी घेऊन गेली होती आणि ते परत आले नव्हते. मला भीती उकाड्याची किंवा उंचीची नव्हती. ती तिकडे एकटी काय काय कल्पना करत असेल, याची होती. दुसरी गोळी तेव्हा खाल्ली.

नंतर मी अशा गोष्टी लक्ष ठेवून वाचू लागलो. २०१९ साली टोरंटोला एक प्रवासी बाई सीटवर झोपली आणि मध्यरात्री काळोख्या, थंडगार विमानात एकटी जागी झाली. तिनंही टॉर्च शोधला, दार उघडलं आणि खाली सामानाच्या गाडीवाल्याला हाक मारली. २०२१च्या डिसेंबरात आपल्या मुंबईचाच एक लोडर सामान भरताना कप्प्यात झोपला, दार बंद झालं, आणि तो थेट अबुधाबीला उतरला. सुखरूप होता. लोक त्यावर हसले. मला हसू आलं नाही. सामानाच्या कप्प्यात बसलेल्या माणसाला दार लागल्याचा आवाज कसा ऐकू येतो, याची मला कल्पना आहे. आणि ज्या माणसाला बसल्या जागी झोप लागते, तो किती तास उभा असेल हे आधी विचारावं.

पाच पन्नासला मला गाडी दिसली.

एकटीच जीप, वेगात येणारी. मी मेगाफोन उचलला पण घशातून शब्द फुटेना, म्हणून टॉर्च लावला आणि नुसता हलवत राहिलो. जीपमधून दोघं उतरले, पळत लॅडरकडे गेले. त्यातले एक मामा होते. स्टोअर सोडून मामा रॅम्पवर, विमानं उभी असतात तिथं, आलेले मी सतरा वर्षांत पाहिले नव्हते. लॅडर लागायच्या आधीच ते खालून ओरडले, "टॉर्च आहे ना रे?"

"आहे मामा."

"मग तूही आहेस," ते म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसले. बाटली घेऊन वर चढले ते दुसरे, सुपरवायझर. पण मागोमाग मामाही आले आणि त्यांनी माझा दंड धरला. सहा फुटांचं अंतर त्या दिवसांत कुणी मोडत नव्हतं. त्यांनी दंड धरला आणि सोडलाच नाही. "हळू पी. घोट घोट पी."

झालं होतं असं. ड्युटी संपल्यावर मामांनी फळा पाहिला. सतराच्या जागी माझा बिल्ला लटकत होता. सुपरवायझर म्हणाले, खिशात राहिला असेल, उद्या घेऊन येईल. मामा म्हणाले, उद्या आणेल तेव्हा उद्या सही करीन. त्यांनी मला फोन लावला. फोन वाजला तो स्टोअरच्याच कोपऱ्यात, परत आलेल्या सामानातल्या माझ्या बॅगेत. त्यावर घरचे अकरा फोन येऊन गेले होते. वाजताना सगळ्यांनी ऐकले होते, पण दुसऱ्याच्या बॅगेला हात लावायला त्या दिवसांत कुणी धजत नव्हतं, आणि बॅग विसरून गेला असेल असं वाटलं होतं. डोंबिवलीची बस चारला निघून गेलेली. तिच्या ड्रायव्हरला फोन केला तर मी बसमध्ये नव्हतो. मामा मला नंतर म्हणाले, "बिल्ला इथं, फोन इथं, टॉर्च नाही. पान्हा कधी एकटा विमानात जात नाही रे. कुणाच्या तरी हातातून जातो."

जीपमध्ये बसल्यावर पहिला फोन घरी केला. तिनं उचलला आणि बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. मग तिनं विचारलं, "जेवलास का?"

चौकशी झाली. फाटलेली दोन सीलं, उघडलेली दोन दारं, बाहेर काढलेला मेगाफोन, सगळं मी लिहून दिलं. इंजिनिअर साहेबांनी स्वतःचं नाव स्वतः घातलं. ते मोठ्या मनाचे आहेत, आणि त्या दिवशी त्यांनी हाक मारलीही होती, हे मी माझ्या जबानीत लिहिलं. दोष एकट्या माणसाचा नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून हत्यारं मोजायची पद्धत बसवली होती, ती दर वर्षी तपासली जायची. माणसं मोजायची पद्धत म्हणजे "सगळे आले का रे?" एवढं विचारणं. मला ते अजूनही टोचतं.

त्यानंतर लॅडरच्या खालच्या पायरीशी एक छोटी पाटी आली. विमानात चढणाऱ्यानं आपला दुसरा बिल्ला तिथं टांगायचा, उतरताना काढायचा. पाटी रिकामी झाल्याशिवाय दार लावायचं नाही. शिवाय दार लावणाऱ्यानं आधी शेवटपर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक टॉयलेटचं दार हातानं उघडून बघायचं. हाक मारून चालत नाही, आतल्याच्या कानात बोळे असतात.

२५ मेला देशातली विमानं परत सुरू झाली. आमचं ते ए३२० जूनमध्ये उडालं. पिटोवरच्या टोप्या मीच काढल्या, टॉर्च लावून प्रत्येक नळीच्या तोंडात पाहिलं, मग आत चढून मागच्या टॉयलेटपर्यंत गेलो. टाकी भरलेली होती. बेसिनचा नळ दाबला, पाणी आलं. खाली येऊन पाटीवरचा बिल्ला काढला आणि टॉर्च मामांकडे दिला. त्यांनी रजिस्टर उघडलं, सतराच्या पुढे "परत" लिहिलं, वेळ घातली, आणि मान वर करून मला एकदा नीट बघून घेतलं. निवृत्त होईपर्यंत ते रोज तसंच करत राहिले.